पट्टकृमीच्या अंड्याचे कवच कशाचे?

प्राणिशास्त्राच्या मार्गदर्शकांत आणि वर्गातल्या तक्त्यांवर पट्टकृमीचे अंडे बहुधा एका वर्तुळात उरकलेले असते : आत सहा आकड्यांचा भ्रूण, बाहेर ‘कायटिनचे कठीण कवच’. यातले ‘कठीण’ आम्हाला मान्य आहे, ‘कायटिनचे’ नाही. कायटिन हे शर्करेपासून बनलेले बहुवारिक. ही कवचे मात्र मुख्यतः प्रथिनांची असतात, आणि तीही सर्व पट्टकृमींत सारखी नसतात.

माशांतून माणसात येणाऱ्या डायफिलोबॉथ्रियमचे अंडे घ्या. पीतक पेशींतून प्रथिन, फिनॉलवर्गीय द्रव्य आणि फिनॉलेज हे विकर पुरवले जाते. फिनॉलचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन तयार होते, ते प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशी बांधते आणि मऊ, फिके कवच टणक व तपकिरी होते. चामडे कमावण्यासारखीच ही क्रिया. झुरळाच्या अंडकोशाबाबत ती प्रायर यांनी १९४० मध्ये दाखवली. चिरलेले वांगे काळे पडते तेही अशाच विकरामुळे. वर्गात दाखवायला एवढे पुरे.

डुकराच्या मांसातून येणाऱ्या टीनिया सोलियमची गोष्ट निराळी. तिचे खरे कवच पातळ असते व लवकर गळून पडते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जाड, रेघारेघांचे वेष्टन हे भ्रूणाचे आवरण. ते केसांतील किरॅटिनसारख्या प्रथिनाच्या ठोकळ्यांचे असते आणि ठोकळे एका चिकट द्रव्याने सांधलेले असतात. जणू विटा आणि चुना!

या तपशिलाने काय बिघडते, असे कोणी विचारील. बरेच बिघडते. ‘अभेद्य कवच’ वाचलेला चौकस विद्यार्थी पुढे विचारतो, मग भ्रूण बाहेर येतो कसा? तक्त्यात उत्तर नाही. पाचकरस विटांना नव्हे, चुन्याला विरघळवतात. ठोकळे सुटतात आणि भ्रूण मोकळा होतो. तो आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत, कधी मेंदूत जाऊन पुटी बनतो. अपस्माराचे झटके येण्याचे हे एक कारण आहे. अर्धवट शिजलेल्या मांसातील पुटीमुळे आतड्यात कृमी वाढतो. मेंदूतली पुटी मात्र पोटात गेलेल्या अंड्यांमुळे होते. ही अंडी कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून हातांवर, पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात. म्हणून ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्यालाही हा आजार होऊ शकतो. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक मार्गदर्शकांत मात्र इशारा फक्त मांसापुरता आहे.