वाजविण्याचा मान आणि न वाजविण्याचा हक्क

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठी साहित्यात ज्या काळी रंगला, त्या काळी त्यातील एक प्रमुख पक्षकार वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे या गावी शिक्षक होता. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ ही अठरा वर्षे तेथे होते. त्याच मुलखात तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर गावोगावच्या जत्रांना आरंभ होई, आणि पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास देवळाच्या पुढ्यात दशावताराचा खेळ उभा राही. तेथे पखवाज घेऊन बसलेल्या माणसास फडके-खांडेकर वादातील प्रश्न कधी पडला असेल असे मानण्यास आधार नाही. जत्रेची रात्र होती, म्हणून तो वाजवीत होता. असे असूनही ‘संगीतकार संगीत का निर्माण करतो, आणि समाजाच्या स्थित्यंतराशी त्याचा संबंध काय’ या प्रश्नास त्याच्याकडून मिळणारे उत्तर आपल्या समीक्षेतील उत्तरांहून अधिक अडचणीचे, आणि म्हणूनच अधिक विचारार्ह आहे.

प्रथम त्याच्या कामाचे स्वरूप पाहू. दशावताराच्या आख्यानास लिखित संहिता नसते. कथानक सर्वांस ठाऊक. संभाषण मात्र नट उभ्या उभ्या रचतो. रंगभूमीवर एक बाक असते, तेच सिंहासन. एका बाजूस पेटी, पखवाज आणि झांज. राजाने प्रवेश केव्हा करावा, युद्ध किती लांबवावे, पदाची उठावणी कोठे घ्यावी, हे वादक आणि नट यांच्यामध्ये त्या क्षणी ठरते. येथील साथ हा नाटकावर चढविलेला अलंकार नव्हे. तीच नाटकाचे दिग्दर्शन आहे. मर्ढेकरांनी लयीचे म्हणून जे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम सांगितले, ते येथेही लावून पाहता येतील. परंतु मर्ढेकरांपुढे सिद्ध झालेली कलाकृती होती, आणि येथे पुढचे वाक्य कोणते याची दोघांसही कल्पना नसताना समतोल साधावयाचा असतो. माझ्या मते वादकाच्या आनंदाचे मूळ या अनिश्चिततेतच आहे.

हा आनंद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, कारण अभ्यासकांना दोनच कारणे सुचतात: भक्ती आणि पोट. दोन्ही खरी आहेत, दोन्ही अपुरी आहेत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी माणसाविषयीची म्हण सर्वश्रुत आहे. वेषभूषेचा पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस पायी जाण्याचे ते वर्णन. त्यात दारिद्र्य आहे, तसाच रात्रीपुरता का होईना, राजेपणाचा लाभही आहे. पण पखवाज्या रात्रीही राजा नसतो. त्याला रंग नाही, मुकुट नाही. सकाळचा बोजा मात्र आहे. तरीही तो येतो, ही गोष्ट ‘पोटासाठी’ या एका शब्दात संपविणे हा आपला आळस होय.

आता स्थित्यंतराकडे. या संगीताने समाज बदलला, असे विधान करण्यापूर्वी समाजाने हे संगीत कसे बदलले ते पाहणे योग्य होईल. पेटी ही परदेशी वस्तू. तिच्यामागून संगीत नाटकाच्या चाली आल्या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. म्हणजे लोकनाट्यातून नगराच्या रंगभूमीस चालना मिळाली. आणि १८८० च्या ‘शाकुंतला’नंतर त्याच रंगभूमीची पदे पुन्हा खेड्यातील खेळात शिरली. शुद्धतेच्या अभिमान्यांस हे रुचत नाही. परंतु ज्या माणसास नाट्यगृहाचे तिकीट परवडत नव्हते, त्याला ते गाणे देवळापुढे फुकट ऐकावयास मिळाले, याची नोंद शुद्धतेच्या चर्चेत क्वचितच होते.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. या किनाऱ्यावर संगीत हे दीर्घ काळ जातीने नेमून दिलेले काम होते. देवळी हे देवळातील वाजंत्री आणि इतर सेवा करणारे, भाविणी या देवास वाहिलेल्या स्त्रिया. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडात त्यांचे वर्णन आढळते. त्यांना ‘तुम्ही संगीत का निर्माण करता’ असे विचारणे म्हणजे ज्याला निवड नव्हती त्याला निवडीचे कारण विचारणे होय. ‘मान’ हा शब्द येथे फसवा आहे. अमक्या जत्रेत खेळ करण्याचा अमक्या मंडळीचा मान, हा हक्क असतो. पण अमक्या घराण्याने देवळात वाजविलेच पाहिजे, हाही मानच म्हटला जातो, आणि तो बंधन असतो.

म्हणून या प्रदेशात समाजपरिवर्तनाचा आरंभ पुष्कळदा गाण्याने न होता गाणे थांबविण्याने झाला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. मालवण, वेंगुर्ले त्या इलाख्यात होते, सावंतवाडी हे १९४८ पर्यंत संस्थान होते. शेजारच्या गोमंतकात कलावंत समाजाने स्वतःच सुधारणेची चळवळ उभारली. तिच्यात मुलींचे विवाह आणि शिक्षण हे ध्येय होते, आणि अनेक घरांनी त्यासाठी गाणे बाजूस ठेवले. त्याच पार्श्वभूमीतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी गाणे सोडले नाही. उलट ते देवळाच्या सेवेतून काढून मैफलीत, स्वतःच्या अटींवर आणले. सोडणाऱ्या आणि न सोडणाऱ्या, दोघींचा लढा एकाच मानाशी होता. महार समाजाने १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील अनेक गावी गावकीचे वाजविणे नाकारले, त्यातही हेच सूत्र दिसते. ज्या वाद्याचा आवाज दास्याची खूण झाला होता, त्याचे मौन हीच त्यांची घोषणा होती. लोकसंगीताच्या संग्राहकास हे मौन ‘परंपरेचा ऱ्हास’ म्हणून टिपावेसे वाटते. ती टीप खोटी नसली तरी अर्धी आहे.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे, किंवा अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांचे लाल बावटा कलापथक, यांनी परिवर्तन हेच गाण्याचे प्रयोजन मानले, आणि त्यांचे कार्य निर्विवाद मोठे आहे. पण तोच गज दशावतारास लावणे अन्यायाचे ठरेल. २०२५ च्या ‘दशावतार’ या चित्रपटात वृद्ध दशावतारी नट खाणीच्या कारस्थानासमोर उभा राहतो. चित्रपट प्रभावी आहे. तथापि कलावंत लढवय्या झाला तरच तो आपल्याला आदरास पात्र वाटतो की काय, अशी शंका तो पाहताना मनात येते. दशावतारातील टीका वेगळ्या जागी आहे. देव ग्रंथिक मराठी बोलतात, आणि वेद चोरणारा संकासुर, काळ्या वेषात, मालवणीत त्यांची फिरकी घेतो. पुढे देव जिंकतातच. पण तोवर प्रेक्षक कोणाच्या भाषेत हसले हे उरते. ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून हीच मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर नेली. खेद इतकाच, की आज खेळ आख्यानापासूनच सुरू करण्याची घाई असते, आणि संकासुराचा पूर्वरंग आखडला जातो किंवा गाळला जातो.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणे करावीत, पदांच्या चाली लिहून घ्याव्यात, हे आवश्यकच आहे. परंतु त्या वहीत आणखी एक रकाना असावा: हा माणूस कोणाच्या सांगण्यावरून वाजवतो, त्याच्या आजोबास नकार देता आला असता काय, आणि त्याच्या मुलीस पखवाजावर बसता येते काय. उजाडताना दहीकाला होतो, नट तोंडावरचा रंग पुसू लागतात. पखवाज्या तेव्हाही जागचा उठलेला नसतो. डाव्या पुडीवरची कणीक खरडून काढण्याचे त्याचे काम उरलेले असते. प्रश्न विचारावयाचे ते त्या वेळी.