ब्रेक तपासणारा माणूस नियमांत कोठे आहे? वाहन-ब्रेक चाचणीतील जोखीम-मूल्यमापनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : ब्रेक चाचणी, योग्यता प्रमाणपत्र, जोखीम-मूल्यमापन, गॅरेज कामगार.

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील सेलू हे नागपूर-वर्धा मार्गावरील तालुक्याचे ठिकाण होय. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मालमोटारी व एस.टी. बसेस यांची येथे सतत वर्दळ असते. या मार्गालगतच्या लहान गॅरेजांत ब्रेकची दुरुस्ती झाली की मिस्त्री त्याच रस्त्यावर ‘ट्रायल’ मारतो आणि शेजारी अनेकदा त्याच्या हाताखालचा पोऱ्या बसलेला असतो. ब्रेक लागला तर काम फत्ते झाले. न लागला तर काय, याचा विचार आधी झालेला नसतो. प्रस्तुत लेखात याच अभावाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची दृष्टी :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ या प्रमाणपत्राच्या मुदतीविषयी, तर नियम ९६ ब्रेकविषयी आहे. ही तपासणी कागदोपत्री राहू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ च्या एका जनहित याचिकेवर महत्त्वाचे आदेश दिले. त्यांतूनच ब्रेक चाचणीसाठी २५० मीटर लांबीच्या ट्रॅकचा आग्रह पुढे आला. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. तथापि, या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू वाहन आणि प्रवासी हाच राहिला. ज्या वाहनाच्या ब्रेकची खात्री नाही, त्यातच बसून चाचणी घेणारा निरीक्षक, चालक वा मिस्त्री या चर्चेत अभावानेच दिसतो.

चाचणीचे वेगळेपण :
इतर कामांत ब्रेक निकामी होणे हा अपघात असतो. ब्रेक चाचणीत मात्र तो अपेक्षित निकालांपैकी एक असतो. ‘ब्रेक लागणार नाही’ हे गृहीत धरूनच जागेची आखणी झाली पाहिजे. साधे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ब्रेक उत्तम असून वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका घटत असेल, तर ब्रेक लागल्यापासून वाहन सुमारे १२ मीटरांत थांबते. हाच दर १.५ वर आला तर सुमारे ४१ मीटर लागतात. वेग दुप्पट केल्यास अंतर चौपट होते. १६ टन वजनाच्या मालमोटारीत ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे ९.९ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेकने ती शोषली नाही, तर समोरची भिंत वा माणूस ती शोषतो. त्यामुळे ट्रॅकची लांबी पुरेशी आहे एवढे म्हणून भागत नाही. ट्रॅकच्या शेवटी काय आहे, कडेला कोण उभे आहे, पहिली चाचणी कमी वेगाने झाली का, हे प्रश्न तितकेच निर्णायक आहेत.

स्वयंचलित चाचणी केंद्रांमुळे, ज्यांचे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये अधिसूचित केले, भरधाव चाचणीची जोखीम बरीच कमी होते, हे मान्य करावे लागेल. मात्र तेथे फिरत्या रोलरमध्ये कपडे अडकणे, वाहन रोलरवरून उसळणे, खड्ड्यात पडणे व बंदिस्त जागेतील डिझेलचा धूर या नव्या जोखमी उद्भवतात. डिझेल इंजिनाच्या धुरास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवास कर्करोगजनक ठरविले आहे. गॅरेजमध्ये ड्रममधील भुकटी हवेच्या दाबाने उडविण्याची पद्धत तर अधिक चिंताजनक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. एअर ब्रेकच्या चेंबरमधील दाबलेली स्प्रिंग निष्काळजीपणे उघडल्यास ती जिवावर बेतते.

संख्येची अट :
कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये दुरुस्तीच्या कामाचा समावेश ‘उत्पादन प्रक्रिये’त होता, परंतु विजेचा वापर असल्यास किमान १० कामगारांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखान्यासाठी ही संख्या २० झाली, तर सर्वसाधारण आस्थापनेसाठी ती १० आहे. दोन-तीन माणसांचे गॅरेज दोन्हींतून निसटते. जोखीम मात्र माणसे मोजून येत नाही. अधिसूचित घातक कामांसाठी ही अट शिथिल होण्याची तरतूद संहितेत आहे. ब्रेक दुरुस्ती व चाचणीस तिचा लाभ का मिळू नये?

निष्कर्ष :
जोखीम-मूल्यमापन म्हणजे जाडजूड अहवाल नव्हे. धोका कोणता, तो कोणाला, तो टाळता येईल का, टाळता न आल्यास अडसर कोणता, आणि हे पुन्हा केव्हा तपासायचे, हे पाच प्रश्न मराठीत एका पानावर मावतात. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल तपासणे, चाकांना ठोकळे लावणे, भुकटी ओल्या फडक्याने पुसणे आणि चाचणीच्या वेळी गाडीत केवळ चालकाने बसणे, यांस फारसा खर्च येत नाही. सेलूसारख्या ठिकाणी नगरपंचायत व गॅरेजमालक यांनी मिळून चाचणीसाठी एक मोकळी, बंदिस्त जागा ठरविल्यास रस्त्यावरची ‘ट्रायल’ थांबू शकेल. वाहन योग्य आहे की नाही, हे प्रमाणपत्र सांगते; ते ठरविताना शेजारी बसलेला पोऱ्या सुरक्षित होता की नाही, हे सांगणारा रकानाही त्यासोबत असला पाहिजे.