पाकवाङ्मय आणि रोजचे ताट

काव्याच्या आस्वादासाठी ‘रस’ हा शब्द आपल्या साहित्यशास्त्राने स्वयंपाकघरातून उचलला, ही गोष्ट आमच्या टीकाकारांस ठाऊक आहे. परंतु ती सांगून झाली की ते पुढे निघून जातात. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना भरताने दृष्टान्त घेतला आहे तो जेवणाऱ्या माणसाचा. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस जसा रस चाखतो, तसा रसिक प्रेक्षक नाट्यातील स्थायी भाव चाखतो, असा त्याचा आशय आहे. पुढे कित्येक शतके पंडितांनी या रसाचा कीस काढला, त्याची संख्या आठ की नऊ यावर वाद घातले. दृष्टान्तातील अन्नाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही.

वळून पाहिले असते तर ‘व्यंजन’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागले असते. स्वराच्या आधारावाचून ज्याचा सुखाने उच्चार होत नाही ते व्याकरणातले व्यंजन. भात, भाकरी किंवा पोळी यांच्या आधारावाचून ज्याला जेवणात अर्थ येत नाही ते ताटातले व्यंजन. आणि ज्या शक्तीने शब्द आपल्या वाच्यार्थापलीकडचे काही प्रकट करतो ती व्यंजना. तिन्ही ठिकाणी धातू एकच, प्रकट करण्याचा. मराठीने तर याहून घरगुती शब्द घडविला आहे: तोंडी लावणे. चटणी, भाजी, कोशिंबीर या वस्तू आपण ‘खात’ नाही, त्या तोंडी लावतो. खातो ती भाकरी. साऱ्या रोजच्या जेवणाचे व्याकरण या एका क्रियापदात आले आहे. आमचे पाकवाङ्मय हे व्याकरण विसरून केवळ शब्दकोश छापीत राहिले, असा आमचा आक्षेप आहे.

प्रथम त्या व्याकरणाविषयी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो; म्हणून ते गरम पाण्यात मळून, मळल्याबरोबर थापावे लागते. अशी भाकरी कोरडी, किंचित गोडसर आणि स्वभावाने मुकी असते. तिला बोलके करावयास तिखट, खारट, आंबट असे काही ठसठशीत लागते. म्हणून देशावर तिच्या शेजारी ठेचा, पिठले आणि कांदा आले. कोकणातला भात मऊ व ओला, त्याला पातळ आमटी किंवा कढी मानवते. ठेचा तेथे उपरा वाटतो. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, म्हणजे डाळ ताटात वेगळी न वाढता भाकरीच्या पोटात घातलेली असते. आजचे आहारशास्त्र सांगते की धान्यात लायसिन हे द्रव्य कमी असते आणि डाळीत ते पुष्कळ असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते धान्य पुरविते. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे असा हा संसार आहे. वरणभातावर लिंबू पिळल्याने डाळीतले लोह अंगी अधिक लागते, हेही त्याच शास्त्राने अलीकडे सांगितले. ताटाच्या डाव्या बाजूस लिंबाची फोड ठेवणाऱ्या बाईने यातले काही वाचले नव्हते. तिच्या जिभेला जे पटले ते तिने ठेवले, आणि पिढ्यान्पिढ्या ते टिकले. तिला सर्व काही आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा हल्ली जो मोह पडतो तो मात्र आम्हांस मान्य नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही आणि ताकाच्या वाटीवाचून तेवढ्यापुरते आमचे सोवळे ताट अपुरेच राहते, हे तिला कोठून कळणार?

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी उपासाची साबुदाण्याची खिचडीही एकदा तपासून पाहावी. शेंगदाणे, बटाटा आणि मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातून आली; आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. एकादशीला जिरे आणि तूप एवढेच काय ते स्वदेशी उरते! तरीही त्या खिचडीला कोणी परकी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. ज्याचे व्याकरण पक्के आहे ती भाषा परके शब्द सहज पचविते.

आता आपली पाकपुस्तके पाहू. राजांच्या मुदपाकखान्याचे वर्णन आपल्याकडे जुने आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे प्रकरण घातले. सतराव्या शतकात तंजावरास रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ रचून धान्ये, शाका यांचे गुणदोष सांगितले. परंतु पहिला ग्रंथ राजाचा आणि दुसरा वैद्यकाचा. छापील मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ आले, ज्याच्या दुसऱ्या नावातच हजार पाकक्रियांची ग्वाही आहे. हा हजाराचा आकडा आम्हांस सूचक वाटतो. कोणत्याही घरात वर्षभर आलटून पालटून होणारे पदार्थ चाळीस-पन्नासांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. हजार पदार्थांचे पुस्तक म्हणजे सणावाराचे, पाहुण्यांचे, हौसेचे पुस्तक. त्यात वरण असते, पण वरण कोणत्या भाजीच्या दिवशी घट्ट आणि कोणत्या दिवशी पातळ करावे, हे नसते.

कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात तिने जे स्थान मिळविले ते त्या काळच्या फार थोड्या ललित पुस्तकांच्या वाट्यास आले. तिच्या यशाचे रहस्य सर्वांना माहीत आहे: तिने मापे दिली ती वाटीची आणि चमच्याची. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या गोष्टीत मोठी वाङ्मयीन समज आहे. शेर-छटाकाचे किंवा ग्रॅमचे माप वस्तूचे वजन सांगते. वाटीचे माप प्रमाण सांगते. वाटी माझ्या घरची लहान असो की तुमच्या घरची मोठी, डाळीच्या एका वाटीला पाण्याच्या किती, हा संबंध अबाधित राहतो. नोकरीनिमित्त परगावी दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटणाऱ्या आणि सासू वा आई यांपैकी कोणीही शेजारी नसलेल्या मुलीस याहून अधिक आपुलकीची भाषा कोणती? तथापि हाही कोशच. पदार्थापदार्थाची कृती उत्तम. पण ताट जुळविण्याची कला, म्हणजे आज वांग्याची भाजी खमंग झाली आहे म्हणून आमटी सौम्य असू द्यावी हा विवेक, कृतींच्या मधल्या कोऱ्या जागेत राहून जातो. तो तेथेच राहणार, हे या वाङ्मयप्रकाराचे प्राक्तन दिसते.

सर्व पाकपुस्तकांत मिळून एकच वाक्य असे आहे की जेथे लेखिका आपली मर्यादा कबूल करते: मीठ चवीप्रमाणे. तेथे पुस्तक संपते आणि हात सुरू होतो. त्या हाताचे काय होते, हे पाहावयास पाकपुस्तक मिटून ललित वाङ्मयाकडेच जावे लागते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत ‘अळणी भाजी’ नावाची एक रात्र आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील काही न बोलता जेवून उठतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते. वर्गावर आणि घरोघर हा प्रसंग वडिलांच्या संयमाचा धडा म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेही. परंतु तीच गोष्ट स्वयंपाकघराच्या बाजूने वाचली म्हणजे निराळेच काही दिसते. भाजी अळणी आहे हे घरात सर्वांत शेवटी कोणास कळते? जिने ती केली तिला. कारण ती सर्वांत शेवटी जेवते. पंगतीत ती आधी बसली असती, किंवा निदान बरोबर बसली असती, तर चिमूटभर मिठाने काम भागले असते आणि कोणाच्या संयमाची कसोटी लागली नसती. गुरुजींनी हे असे मांडलेले नाही. त्यांचे मन दुसरीकडे होते. परंतु त्यांनी प्रसंग इतका खरा लिहिला आहे की न मांडलेलेही त्यात आले. व्यंजना म्हणतात ती हीच.

आमच्या एकाही पाकपुस्तकात कोण केव्हा जेवते याचा उल्लेख नाही. किती माणसांस पुरेल हे अलीकडे लिहितात. शेवटच्या माणसाच्या वाट्यास काय उरेल हे लिहीत नाहीत. वस्तुतः रोजच्या स्वयंपाकाची निम्मी प्रतिभा या उरण्यातच खर्ची पडली आहे. फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा, कालच्या आमटीत पीठ भिजवून लावलेली थालीपिठे, हे पदार्थ कोणी आवडीने शोधले नाहीत. ज्यांना टाकून देणे परवडत नव्हते आणि शिळे तसेच खाणे जिवावर येत होते अशा बायकांनी ते शोधले. आज मुले ते हट्टाने मागतात हा त्यांच्या हाताचा विजय. पण ‘आईच्या हाताची चव’ हे आपले लाडके विशेषण त्या विजयाच्या खाली किती पहाटा आणि किती धूर होता हे सोयीस्करपणे झाकते.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, तो असा, की हा सारा विचार सुस्थितांचा आहे. बहुतेक मराठी घरांत, मासळी-मटण खाणाऱ्या घरांतसुद्धा, आठवड्याचे बहुतेक दिवस जेवण वनस्पतींचेच असते. ते तत्त्वाने नव्हे, ऐपतीने. आक्षेप खरा आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशची तांबडी मिलो शिधावाटपाच्या दुकानांतून घरोघर गेली; तिची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांच्यापुढे रसचर्चा करणे हा उद्धटपणा झाला असता. पुढे गहू स्वस्त व मुबलक झाला, ज्वारी गरिबांची म्हणून मागे पडली. आणि २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे होईपर्यंत तीच भाकरी खाणावळीत सुखवस्तूंची चैन होऊन बसली होती. जात्याचेही तसेच. पिठाची गिरणी आली आणि ओव्या थांबल्या, म्हणून आम्ही प्राध्यापक मंडळी हळहळतो. ज्यांना पहाटे उठून दळावे लागत असे त्या हळहळल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. ओवीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ते दळण कोणी कोणावर टाकले होते, एवढा प्रश्न तिच्यासोबत वाचला पाहिजे.

मग हवे आहे ते पुस्तक कोणते? आणखी हजार कृतींचे नको. एखाद्या सामान्य घराने एका वर्षात रोज काय शिजविले, बाजारात त्या आठवड्यात काय होते, कोण जेवावयास होते, काय उरले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे काय झाले, एवढे प्रामाणिकपणे लिहिलेले टिपण हवे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’सारख्या पुस्तकाने विदुषीस या विषयाचा संकोच वाटण्याचे कारण नाही हे दाखवून दिलेच आहे. असे टिपण लिहिणाऱ्यास पुस्तकांपेक्षा बाजारच अधिक शिकवील. पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघर भागातल्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळे नीट न केल्यास घशास खाजतात. म्हणून त्यांच्याबरोबर काकड नावाची आंबट हिरवी फळे घालावी लागतात, जशी अळूत चिंच किंवा चुका. नवखे गिऱ्हाईक नुसती शेवळे उचलू लागले तर विकणारी काकडांचा वाटा त्याच्यापुढे सरकवते आणि सांगते, हे घातल्याशिवाय नेऊ नका.