सर्वाधिक पगाराची यादी कशी वाचावी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘सर्वाधिक पगाराचे व्यवसाय’ अशा याद्या छापून येतात आणि विद्यार्थी त्या घेऊन शिक्षकांकडे येतात. अशी यादी म्हणजे एक मोजमापच. तेव्हा कोणत्याही मोजमापाला विचारायचे प्रश्न तिलाही विचारायला हवेत : काय मोजले? कोणाचे मोजले? केव्हा मोजले?

प्रथम ‘काय’. समजा, एका व्यवसायातील १० जणांपैकी ९ जणांना महिना ३० हजार रुपये मिळतात आणि एकाला ७ लाख ३० हजार. सरासरी येते १ लाख! प्रत्यक्षात तेवढा पगार दहांपैकी कोणालाच नाही. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक काढला, तर तो ३० हजार येतो. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाची यादी मध्यकावर आधारलेली असते, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडे बातमीत झळकते ते सर्वांत मोठे ‘पॅकेज’, म्हणजे एखाद्याच विद्यार्थ्याचा आकडा.

पण त्या चांगल्या यादीलाही मर्यादा आहेत. तिच्या मे २०२३ च्या पाहणीत स्वतःचा व्यवसाय करणारे धरलेले नाहीत. तसेच मध्यक वर्षाला २,३९,२०० डॉलर किंवा अधिक असेल तर नेमका आकडा दिलेला नाही. त्यामुळे माथ्यावरच्या अनेक विशेषज्ञ डॉक्टरांमध्ये मध्यकावरून क्रम लावताच येत नाही. तिथे डॉक्टर होण्यास साधारणपणे ४ वर्षे महाविद्यालय, ४ वर्षे वैद्यकीय शिक्षण आणि नंतर किमान ३ वर्षे प्रशिक्षण लागते. ही ११ वर्षे आणि डोक्यावरचे कर्ज पगाराच्या रकान्यात दिसत नाही.

आता ‘कोणाचे’. यादीत असतात ते मुक्कामाला पोहोचलेले. वाटेत थांबलेले नव्हेत. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. बाकीच्यांची वर्षे कोणत्याही यादीत मोजली जात नाहीत.

शेवटी ‘केव्हा’. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील नव्या अभियंत्यांच्या पगारांचा अभ्यास मांडला. पगार वाढले की त्या शाखेकडे गर्दी होते. ती मुले चार वर्षांनी एकदम बाहेर पडतात आणि पगार उतरतात. मग प्रवेश घटतात आणि पुन्हा तुटवडा येतो. पगार आजचा, पण नोकरी चार वर्षांनंतरची! नोकऱ्यांच्या संख्येबाबत असेच काहीसे महाराष्ट्राने डी.एड.च्या बाबतीत पाहिले. आधी महाविद्यालये भराभर वाढली, पुढे भरती आटली आणि वर्ग ओस पडले.

याचा अर्थ पगाराचा विचार करू नये असा नाही. ज्या घरात पहिलाच पगार येणार आहे, तिथे तो करावाच लागतो. म्हणूनच चुकीचा आकडा अशा घराला सर्वांत महाग पडतो.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. प्रत्येकाने ओळखीच्या एका कमावत्या व्यक्तीला तीन गोष्टी विचाराव्यात : मासिक मिळकत किती, तिथवर पोहोचायला किती वर्षे लागली, आणि बरोबर सुरुवात केलेल्यांपैकी किती जण आज त्याच व्यवसायात आहेत? चिठ्ठीवर नाव नको. मग फळ्यावर सरासरी आणि मध्यक दोन्ही काढावेत. छापील यादीत पहिला रकाना असतो. उरलेले दोन आपल्यालाच भरावे लागतात.