बरकत आणि काटा

इब्रानी पैगंबरांच्या वाणीत दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात : ईश्वराचे ऐकणे आणि त्याची बरकत. तौरातच्या पाचव्या ग्रंथात (अध्याय २८) हा करार थेट शेतकऱ्याच्या भाषेत मांडला आहे. ऐकाल तर वेळेवर पाऊस आणि भरलेली टोपली; न ऐकाल तर डोक्यावरचे आभाळ पितळेचे होईल. अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ते चुकीचे समजले जाण्याचा धोकाही इथेच जास्त आहे.

पाऊस हुकला की आमच्याकडे मिंबरवरून हमखास ऐकू येते : हा आपल्या गुनाहांचा परिणाम आहे. (कीर्तनातही शब्द बदलतात, तर्क तोच असतो.) समोर बसलेला असतो दोनदा पेरणी मोडलेला, कर्जात बुडालेला माणूस. वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. आत्महत्या आजही थांबलेल्या नाहीत. अशा घरात 'तुझ्या नाफरमानीमुळे बरकत गेली' हे वाक्य काय करते, याचा विचार बोलणाऱ्याने केलेला नसतो.

मूळ वाणी कोणाला उद्देशून होती, हे पाहिले पाहिजे. आमोस हे तकोवाचे मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारे. त्यांचे नाव कुरआनात नाही. मात्र ज्यांची हकीकत सांगितलेली नाही असेही पैगंबर होऊन गेले, हे कुरआनच सांगते (४०:७८). एका गावावर पाऊस पडला आणि शेजारचे कोरडे राहिले, असे आमोसच्या चौथ्या अध्यायात येते. पण त्या अध्यायाचे पहिलेच वाक्य शोमरोनच्या सुखवस्तू घरांना, गरिबांना चिरडणाऱ्यांना सुनावलेले आहे. आठव्या अध्यायात ते धान्य विकणाऱ्यांकडे वळतात. हे लोक सण कधी संपतो याची वाट पाहतात, माप लहान करतात, पैसे घेताना वजन जड ठेवतात आणि खोटा काटा वापरतात. आमोसच्या लेखी नाफरमानी ही आहे. नूह (अ.स.) यांनीही माफी मागा, मुबलक पाऊस मिळेल असे सांगितले (७१:१०-१२). त्यांच्या कौमचे सरदार मात्र 'तुमच्यामागे आमच्यातले हलके लोकच येतात' म्हणून हिणवत होते (११:२७). पावसाचा इशारा वरून खाली फिरवणे हा नंतरच्या वाचकांचा उद्योग आहे.

वऱ्हाडात काट्याची गोष्ट कोणाला परकी नाही. निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या मुलखात १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. हेतू केवळ रयतेचे भले हा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. तरीही काटा, अडत आणि कट्टी या ठिकाणीच शेतकरी लुटला जातो, हे सरकारदरबारी मान्य करावे लागले. कारंज्याच्या बाजारात आमोस उभे राहिले असते, तर त्यांना नवे प्रवचन रचावे लागले नसते.

आता शब्दांकडे. इब्रानीत 'शामा' म्हणजे कानाने ऐकणे आणि मानणेही. सूरह बकराच्या अखेरीसही श्रद्धावंत ऐकणे आणि मानणे एका दमात बोलतात. आमच्या मराठीला इथे उसनवारी करावी लागत नाही. 'पोरगं ऐकत नाही' म्हणणाऱ्या आईला पोराचे कान खराब आहेत असे म्हणायचे नसते. 'आज्ञापालन' म्हटले की कवायतीचे मैदान आठवते. 'ऐकणे' म्हटले की समोर कोणीतरी बोलणारा असतो. दुसरा शब्द बरकत. इब्रानी 'बराखा' आणि अरबी 'बरका' एकाच धातूतून आले, पण रूढ मराठी बायबलात 'आशीर्वाद' आहे. तो चुकीचा नाही, मात्र तो डोक्यावर हात ठेवून दिला जातो, आणि बरकत असते कणगीत, गल्ल्यात, हाताला. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' किंवा 'बरकत' म्हणण्याची जुनी रीत होती. म्हणजे हा शब्द मापाच्या तोंडीच बसलेला. माप खोटे असेल तर तो उच्चारणेच खोटे ठरते.

आमच्या मराठी मुस्लिम लेखनाबद्दल तक्रार आहे ती इथे. पैगंबरांवरची जी मराठी पुस्तके आमच्या वाचनात आली, त्यांत युनूस (अ.स.) यांचा मासा, मूसा (अ.स.) यांची काठी, इब्राहीम (अ.स.) यांची आग रंगवून येते. शुऐब (अ.स.) दोन ओळींत आटोपतात. ते मदयनचे, बनी इस्राईलचे नव्हेत. पण त्यांची सारी दावत माप-तोल पुरा द्या यावर उभी आहे (११:८४-८५), आणि आमोसशी त्यांचे नाते सगळ्यांत जवळचे आहे. त्यांच्या गोष्टीत चमत्कार नाही, म्हणून ती रंगत नाही, असे लेखकांना वाटत असावे. अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन रात्रभर थांबलेल्या माणसाला ती रंगली असती.

खुत्ब्यांबद्दल एवढेच. नमाज-ए-इस्तिस्कापूर्वी तौबा करावी, सदका द्यावा आणि ज्यांचे हक्क दाबले ते परत करावेत, असे फिकहच्या ग्रंथांत सांगितले आहे. यातला तिसरा भाग मैदानात जमल्यावर कोणी वाचून दाखवल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही.