चालण्याची क्षमता आणि अपंगत्वाची टक्केवारी : मूल्यमापन पद्धतीची एक चिकित्सा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 अन्वये आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान 40 टक्के अपंगत्व प्रमाणित व्हावे लागते. पायाच्या अपंगत्वाबाबतची अधिसूचित मार्गदर्शक तत्त्वे सांध्यांची हालचाल व स्नायुबल यांबरोबरच स्थैर्यही मोजतात. सपाट जागेवर व उतारावर चालणे, जिना चढणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे या क्रिया तपासल्या जातात. यांतील शेवटच्या दोन येथील राहणीतून आलेल्या आहेत. पद्धतीचे हे श्रेय मान्य केले पाहिजे.

मात्र सपाट जागेवर चालणे म्हणजे किती चालणे, याविषयी तत्त्वे मौन पाळतात. तपासणीच्या खोलीत दहा पावले टाकणारी व्यक्ती बेलापूरच्या विस्तीर्ण स्थानक-संकुलातून फलाट गाठेपर्यंत थकून बसत असेल, तर ती थकवा-वेदना टक्केवारीत उतरत नाही. ब्रिटनमध्ये 2013 पासूनच्या भत्त्यातील 20 मीटरच्या मर्यादेवर कठोर टीका झाली, आणि ती रास्तच होती. तथापि क्रिया सुरक्षितपणे, वारंवार व वाजवी वेळेत जमते काय, हा प्रश्न तेथे निकषातच अंतर्भूत आहे. येथे तो तपासणाऱ्या डॉक्टरांच्या विवेकावर सोडला गेला आहे, आणि 38 व 40 यांतील अंतर त्यावरच ठरू शकते.