जमाखर्चात न आलेली बाब

दलित आत्मकथनांवर आजवर जे लिहिले गेले त्यात जात, भूक, गावकुसाबाहेरचे जिणे, शिक्षणाची धडपड आणि शहरातले उपरेपण यांची चर्चा भरपूर झाली. ती व्हायलाच हवी होती. प्रस्थापित मराठी साहित्याने जे जगणे कधी पाहिलेच नव्हते ते या पुस्तकांनी त्याच्या दारात आणून उभे केले. परंतु या पुस्तकांतून जो पुरुष आपल्याशी बोलतो तो मुलगा, विद्यार्थी, नोकरदार आणि कार्यकर्ता असतो, तसाच नवराही असतो. पहिल्या चार नात्यांत त्याच्यावर काय गुजरले ते आपण बारकाईने वाचले. पाचव्या नात्यात तो कसा वागला, हे मात्र आपल्या समीक्षेने विचारले नाही. जे आपण समाजाला विचारतो ते स्वतःला विचारायची वेळ आली की आपली जीभ जड का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर जे तोंडसुख घेतले गेले ते काही कमी झाले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. ज्या दुर्गुणांची पट्टी बाईच्या कपाळी चिकटवता ते दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी घेतली. बाईला गुन्हेगार ठरवून तिच्या पोटातल्या मुलाच्या बापाला मोकळे सोडणारी ही न्यायाची रीत जोतीरावांनी आधीच ओळखली होती. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते त्यामुळेच. म्हणजे पुरुषाला जाब विचारण्याची परंपरा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. ती आपल्या घरातली आहे. आपण ती माळ्यावर टाकून दिली, एवढेच.

आता ‘बलुतं’ घ्या. दया पवारांचे हे पुस्तक १९७८ मध्ये आले आणि मराठी आत्मकथनाचा नकाशा बदलला. त्याच्या रचनेकडे पुन्हा एकदा पाहावे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. भोगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असे एका माणसाचे दोन भाग केल्यामुळे लेखकाला स्वतःकडे परक्यासारखे पाहता आले. पहिल्या पत्नीविषयीचा संशय आणि त्यापायी मोडलेला संसार याबद्दलही पवारांनी लिहिले, लपवले नाही. हा त्यांचा मोठेपणा मान्य करूनच पुढचे म्हणावे लागते. दगडू बोलतो, दया पवार ऐकतो. पण जिच्यावर संशय घेतला गेला ती सई या बैठकीत कुठे आहे? तिला तिसरी जागा नाही. गुन्ह्याची कबुली आरोपी देतो, ती ऐकणाराही तोच, आणि हळहळही त्याचीच. तिने पुढचे दिवस कसे काढले, हे आपल्याला तिच्या तोंडून कळत नाही.

त्याहून बोलकी आहे ती पुस्तकाला मिळालेली दाद. सवर्ण समीक्षकांनी लेखकाच्या ‘प्रांजळपणा’चे कौतुक केले. आपल्यातले काही नाराज झाले, पण कशाबद्दल? आपल्या वस्तीची घाण चव्हाट्यावर आणली, याबद्दल. एका बाईवर निष्कारण संशय घेतला गेला याबद्दल ना कौतुक करणारे बोलले, ना रागावणारे. दोन्ही बाजूंना तो भाग लेखकाच्या दुःखाचा वाटला. तो तिच्यावरील अन्यायाचाही आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झाले. पँथरच्या अग्रणी कवीशी झालेल्या लग्नातली मारहाण, बेफिकिरी आणि एकटेपण त्यांनी लिहिले. जन्माने त्या दलित नव्हत्या. शाहीर अमर शेखांची ही मुलगी चळवळीच्या घरातच वाढली होती. या पुस्तकाला ‘खळबळजनक’ हे विशेषण चिकटले. शब्दांतला फरक लक्षात घ्या. पुरुषाने आपल्या संसाराचे उघड केले की प्रांजळपणा, आणि बाईने केले की खळबळ. त्याने सांगितले तर ते साहित्य, तिने सांगितले तर घरची भांडणे. ज्या समीक्षेला जातीतला दुटप्पीपणा वाक्यावाक्यात दिसतो, तिला आपल्याच या दोन शब्दांमधला दुटप्पीपणा दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूप झाले. फलटणच्या या बाई किराणा दुकान चालवत. पुडक्याच्या रद्दी कागदावरचे वाचता वाचता लिहू लागल्या आणि ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पळून माहेरी जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई, तिचे नाक कापले जाई, हे त्यांनी नोंदवले. महारवाड्यावर जुलूम करणारे गाव त्यांनी जितक्या स्पष्टपणे दाखवले, तितक्याच स्पष्टपणे महारवाड्यातल्या झोपडीत सुनेवर होणारा जुलूमही दाखवला. ज्याला बाहेर कुणीही लाथाडावे तो घरात येऊन बाईचा मालक होतो, ही गुलामगिरीची साखळी त्यांना कोणत्याही पंडिताशिवाय कळली होती. पण एक गोष्ट त्यांनी पुस्तकात लिहिली नाही. नवरा आपल्यावरही संशय घेई आणि मारी, हे त्यांनी पुढे अनुवादक माया पंडित यांच्याशी बोलताना सांगितले. २००८ मध्ये इंग्रजी अनुवादासोबत ती मुलाखत छापली गेली. साऱ्या समाजाचे सांगणाऱ्या बाईला स्वतःचे सांगायला इतकी वर्षे लागतात, याचा अर्थ काय? तिला धैर्य नव्हते असे कोण म्हणेल! ऐकून घेणारे आपण नव्हतो, असाच त्याचा अर्थ होतो.

शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’त (१९८६) नाजाचा मास्तर नवरा दुसरी बायको करतो. शिकलेला माणूस, पोरांना धडे देणारा. इथे कायद्याची गोष्ट काढणे भाग आहे. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो नियम देशभर लागू केला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तरी पुरुषाला पळवाट सापडलीच. महाराष्ट्रातल्याच भाऊराव शंकर लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असे ठरवले की, दुसरे लग्न आवश्यक विधींनिशी झाल्याचे सिद्ध झाले नाही, तर द्विभार्येचा गुन्हा होत नाही. त्या माणसाची शिक्षा रद्द झाली. म्हणजे पहिल्या बायकोने काय करायचे? ज्या लग्नाचे तिला आमंत्रण नव्हते त्या लग्नात कोणकोणते विधी झाले याचा पुरावा तिने गोळा करायचा! आणि लग्न विधिवत झाले नाही म्हटल्यावर त्या दुसऱ्या बाईलाही पत्नीचा हक्क नाही. दोघी बायका उघड्यावर, आणि पुरुष निर्दोष. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी झटून, ते अडवले गेल्यावर २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तो यासाठी काय?

हे सारे खेड्यातले आणि जुन्या काळातले, असे म्हणून सुटता येणार नाही. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) कोकणातल्या फणसवळ्यापासून मुंबईपर्यंत येते. शिकलेली, नोकरी करणारी, सभेला जाणारी बाई त्यात आहे. पगार घरात आलेला चालतो, पण तिचे एम.ए. करणे आणि सभांना जाणे खुपते. विशेष म्हणजे पवारांनी नवऱ्याला खलपुरुष केले नाही. त्याची माया आणि त्याचा रुसवा दोन्ही लिहिले. म्हणूनच ते पुस्तक आपल्याला अधिक अडचणीत टाकते, कारण हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत तो सकाळच्या लोकलला धावतो आणि संध्याकाळी विहाराच्या बैठकीत समतेवर चांगले बोलतो. त्याची बायको बंगल्यांची धुणीभांडी करते, नाहीतर १९७३ मध्ये अंधेरीला सुरू झालेल्या सीप्झमधल्या एखाद्या कारखान्यात उभी राहते. तिला घरी यायला उशीर झाला तर प्रश्न विचारला जातो. त्याला उशीर झाला तर ती चळवळ असते.

याच वस्त्यांना जाब विचारता येत नाही असे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दहा जण गेले. चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. वस्तीने हा हिशेब सोडला नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, पुढे त्याला जामीन मिळाला, तरी लोक विसरले नाहीत. सरकारकडे बारा बारा वर्षे हिशेब मागणारी ही माणसे आहेत. चौदा एप्रिलच्या वर्गणीचा जमाखर्च रुपया-पैशानिशी फळ्यावर लिहिणारी मंडळे आहेत. त्या फळ्यावर एकच बाब कधी आली नाही, ती घरातली.

ज्या वस्तीला रमाबाईंचे नाव आहे तिथे हे बोलणे अधिकच अगत्याचे आहे. आपल्या मुलींना आपण रमाईचे उदाहरण देतो: तिने सोसले, तक्रार केली नाही. मुलांना मात्र कोणते उदाहरण देतो? विद्वत्तेचे, बॅरिस्टरीचे, संघर्षाचे. नवरा म्हणून कसे वागावे याचा धडा त्यांना कोणी देत नाही. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि हलाखीच्या, एकाकी दिवसांत तिने आपल्याबरोबर जे सोसले त्याचे ऋण त्यात नोंदवले. साऱ्या जगाने वाचायच्या राजकीय ग्रंथाच्या पहिल्याच पानावर नवऱ्याने बायकोचे देणे लिहून ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे. आपण रमाईचा त्याग घेतला, बाबासाहेबांची ती नोंद मात्र घेतली नाही.

निवडून आठवण्याची ही खोड इथेच थांबत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नीट नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, हे त्यांचे सांगणे आपल्या प्रत्येक व्याख्यानात येते. त्याच भाषणात, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असेही त्यांनी सांगितले होते. ते किती व्याख्यानांत येते? २० जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत त्यांनी सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. बाईने बदलायच्या गोष्टी आपण पाठ केल्या. पुरुषाला अडचणीच्या गोष्टी गाळल्या.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे. हे उघड बोललात तर सवर्णांच्या हाती कोलीत द्याल. आक्षेप खोटा नाही. आपल्या घरातले दोष दाखवून जातीचे क्रौर्य झाकू पाहणारे लोक आहेत. पण शत्रूच्या हातात खरे हत्यार कोणते असते ते पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा आधी पसरवली गेली ती गोष्ट सुरेखाबाईंच्या ‘चारित्र्या’ची. जमिनीसाठी ताठ उभी राहणारी, मुलीला शिकवणारी बाई. तिला मारल्यानंतरही तिच्या अब्रूवर बोट ठेवले की मारणारे अर्धे सुटतात, हे त्यांना ठाऊक होते. बाईचे चारित्र्य हाच पुरावा मानणारी ही भाषा आपल्याही घरात चालत असेल, तर तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरताना आपला आवाज कापरा होणारच.

हा पेच एकट्या आपला नाही. इजिप्तच्या डॉक्टर लेखिका नवाल अल सादावी (१९३१–२०२१) यांनी स्त्री आणि लैंगिकता या विषयावर लिहिले, त्यापायी १९७२ मध्ये त्यांची आरोग्य खात्यातली नोकरी गेली. घराण्याची इज्जत बाईच्या शरीरात ठेवायची आणि पुरुषाला तिचा पहारेकरी करायचे, पण पहारेकऱ्याला कोणी तपासायचे नाही, ही रीत त्यांनी उघड केली. बाहेरच्या सत्तांवर त्यांनी टीका केली आणि घरच्या पुरुषांवरही. एकीसाठी दुसरी थांबवली नाही. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केले तर त्याला सोडणारे कलम जॉर्डनने रद्द केले ते २०१७ मध्ये. ‘त्यांच्याकडे असेच चालते’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या वस्तीत अशा प्रकरणांत ‘लग्न लावून टाका’ म्हणणारे पंच किती आहेत, ते मोजावे.

तेव्हा करायचे काय? समीक्षेपुरते बोलायचे तर आत्मकथन वाचताना एक प्रश्न नेमाने विचारावा: यात जिच्यावर अन्याय झाला तिचे म्हणणे कुठे आहे? ‘बलुतं’ शिकवणाऱ्या शिक्षकाने त्याच्या शेजारी ‘जिणं आमुचं’ ठेवावे. विहारांतून चालणाऱ्या वाचनमंडळांत ‘आयदान’वर बोलायला नेहमी बाईलाच उभे करू नये, पुरुषाने बोलावे, आणि नवरा म्हणून बोलावे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतले प्रत्येक लग्न नोंदवून घ्यावे. १९९८ च्या कायद्याने ती नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि उद्या न्यायालयात बाईच्या हाती तोच कागद असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा विहाराच्या फलकावर लागावा. ज्याच्यावर घरात मारहाणीची तक्रार आहे तो मंडळाचा पदाधिकारी राहू शकतो काय, हा प्रश्न बैठकीच्या विषयपत्रिकेवर यावा. पहिल्या वेळी गोंधळ होईल. होऊ द्यावा. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहायचे ठरले तेव्हाही तो झालाच असेल.